अमेरिकेत घर घेताना एजंटच्या कमिशनमधला रिबेट: कधी आणि कसा मागायचा

तुमचा प्रश्न असा, की सहा-आठ महिन्यांत कुटुंबासह अमेरिकेत येताय, पहिल्या वर्षातच घर घ्यायचंय आणि एजंट आपल्या कमिशनमधले काही हजार डॉलर घर घेणाऱ्याला परत देतो असं ऐकलंय. ते खरं का आणि कसं मिळवायचं? खरं आहे. बहुतेक राज्यांत कायदेशीरही आहे. पण हा रिबेट घर पसंत पडल्यावर मागायचा नसतो, एजंटशी करार करण्याआधी ठरवायचा असतो. एकदा सही झाली की घासाघीस करायला तुमच्याकडे काही उरत नाही.

आधी राज्य पाहा. घर ज्या राज्यात, नियम त्या राज्याचा. तुम्ही नोकरी कुठे करता याचा संबंध नाही. कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, नॉर्थ कॅरोलिना इथे रिबेट चालतो. न्यू जर्सीत २०१०पासून चालतो, मात्र तिथे तो ब्रोकरशी (एजंट ज्याच्या हाताखाली काम करतो त्याच्याशी) संबंध सुरू होतानाच लेखी ठरलेला असावा लागतो. ओरेगॉन, मिसुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेनेसी अशा काही राज्यांत मनाई आहे. म्हणजे पोर्टलंडमध्ये घर घेतलंत तर रिबेट नाही, पण नदीपलीकडच्या वॉशिंग्टनमधल्या व्हँकुव्हरला घेतलंत तर मिळू शकतो. मनाई असलेल्या राज्यातही कमिशनच कमी ठरवून घ्यायला कोणाची आडकाठी नसते, तेव्हा तिथे तो मार्ग धरा.

आता कराराबद्दल, कारण खरी मेख तिथेच आहे. १७ ऑगस्ट २०२४पासून एमएलएसवरची (विक्रीच्या घरांच्या, एजंट वापरतात त्या सामायिक यादीवरची) घरं दाखवणाऱ्या एजंटने घर दाखवण्याआधी तुमच्याशी लेखी करार करायचा असतो. त्यात कमिशनचा आकडा स्पष्ट हवा आणि त्या आकड्यापेक्षा जास्त रक्कम एजंटला कोणाकडूनही घेता येत नाही. पूर्वी दोन्ही एजंटांचे पैसे विक्रेत्याकडून येणार हे जवळपास गृहीत धरलेलं असे. आता तसं धरून चालू नका. विक्रेता कमी देणार असेल तर उरलेलं तुमच्या खिशातून जाऊ शकतं.

उदाहरण घ्या. घर ६ लाख डॉलरचं, करारात अडीच टक्के, म्हणजे १५,००० डॉलर. रिबेट घराच्या किमतीच्या १ टक्का, म्हणजे ६,०००. ‘१ टक्का’ किमतीचा की कमिशनचा, हे लिहून घ्या. कमिशनचा १ टक्का म्हणजे फक्त १५० डॉलर! आता विक्रेत्याने दोनच टक्के, म्हणजे १२,००० दिले, तर तूट ३,०००. करारात काही लिहिलेलं नसेल तर एजंट ही तूट तुमच्याकडे मागेल. म्हणून वाक्य असं घालून घ्या: विक्रेत्याकडून कमी आलं तर तूट आधी रिबेटमधून वळती होईल, आणि एजंटची किमान फी अमुक. मग तुम्हाला ३,००० मिळतील, पण खिशाला खार लागणार नाही. आणि सगळं कमिशन तुम्हीच भरणार असाल, तर रिबेटच्या मागे लागू नका, सरळ दीड टक्क्याचा करार करा. आधी द्यायचे आणि मग परत घ्यायचे, यात काही हशील नाही.

सही ब्रोकरेजची, म्हणजे एजंट ज्या कंपनीखाली काम करतो तिची हवी. कमिशन आधी ब्रोकरेजकडे जातं आणि एजंटला त्यातला वाटा मिळतो. त्यामुळे एजंटने व्हॉट्सॲपवर दिलेल्या शब्दाला ब्रोकरेज बांधील राहील याची खात्री नसते. पहिला करार ३० दिवसांचा किंवा ठरावीक घरांपुरताच करा. नव्या गावात एजंट कसा निघेल, आधी कळत नाही.

नवीन बांधकाम घेणार असाल तर सगळ्यात जास्त रिबेट इथेच हुकतो. बिल्डर एजंटला कमिशन देतो, पण बऱ्याच बिल्डरांची अट असते की पहिल्या भेटीला एजंट सोबत हवा किंवा त्याचं नाव आधी नोंदवलेलं हवं. शनिवारी सहज म्हणून मॉडेल होम (बिल्डरचं नमुन्याचं घर) पाहायला गेलात आणि तिथल्या टॅबवर नाव-फोन भरलात, तर नंतर आणलेल्या एजंटला कमिशन नाकारलं जाऊ शकतं. मग रिबेट कशातून देणार? बिल्डरच्या साइटवर माहितीसाठी फॉर्म भरतानाही हेच. शिवाय कमिशन मूळ किमतीवर आहे की लॉट प्रीमियम (चांगल्या जागेच्या प्लॉटसाठीचे जादा पैसे) आणि अपग्रेड धरून, हेही विचारा.

कर्ज काढत असाल तर रिबेटची गोष्ट लेंडरला, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेला, पहिल्या दिवशीच सांगा. साध्या कन्व्हेन्शनल (सरकारी विमा किंवा हमी नसलेल्या) कर्जात, राहत्या घरासाठी, विक्रेता, बिल्डर, एजंट यांच्याकडून येणाऱ्या मदतीला मर्यादा असते: डाऊन पेमेंट १० टक्क्यांहून कमी असेल तर किमतीच्या ३ टक्के, १० ते २५ टक्क्यांच्या आत ६, आणि २५ किंवा अधिक असेल तर ९ टक्के. एफएचए, म्हणजे सरकारी विमा असलेल्या कर्जात ६ टक्के. समजा त्याच ६ लाखांच्या घराला ५ टक्के डाऊन पेमेंट आहे, बिल्डरने त्याच्या ठरलेल्या लेंडरकडून कर्ज घेतल्यास १५,००० देऊ केलेत आणि रिबेट ६,००० आहे. एकूण २१,०००, मर्यादा १८,०००. वरचे ३,००० लेंडर घराच्या किमतीतून वजा धरून कर्जाचं गणित करतो किंवा मान्यच करत नाही. हा पैसा क्लोजिंगच्या (घराचा व्यवहार पुरा होऊन ते तुमच्या नावावर होण्याच्या) खर्चासाठी असतो, डाऊन पेमेंटसाठी नाही. खर्चापेक्षा रिबेट मोठा झाला तरी तोच पेच, म्हणून जास्तीच्या रकमेतून पॉइंट्स घेऊन, म्हणजे लेंडरला आधीच फी भरून, व्याजदर उतरवता येतो का, ते लेंडरला विचारा.

‘क्लोजिंगनंतर गुपचूप चेक देतो, लेंडरला कळवायची गरज नाही’ असं कोणी म्हणालं तर तिथेच नाही म्हणा. लेंडरपासून लपवलेला रिबेट म्हणजे कर्जातली फसवणूक ठरू शकते, आणि व्हिसावर असताना तर असल्या भानगडीत अजिबात पडू नये. क्लोजिंगच्या निदान तीन कामकाजाच्या दिवस आधी क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे कर्जाच्या आणि व्यवहाराच्या अंतिम आकड्यांचा कागद, हातात येतं. त्याचं तिसरं पान उघडा. क्लोजिंगलाच वळता होणारा रिबेट खरेदीदाराच्या बाजूला ‘अदर क्रेडिट्स’खाली दिसतो. दिसला नाही तर त्याच दिवशी टायटल कंपनी (मालकीची कागदपत्रं तपासून क्लोजिंग करून देणारी कंपनी), लेंडर आणि ब्रोकरेज या तिघांनाही एकाच ईमेलमध्ये कळवा. सहीच्या टेबलावर आकडे बदलायला गेलात तर क्लोजिंग पुढे ढकललं जाऊ शकतं.

करापुरतं बोलायचं तर आयआरएसने (अमेरिकेच्या आयकर खात्याने) २००७च्या एका प्रायव्हेट लेटर रूलिंगमध्ये (एका करदात्याच्या प्रश्नाला दिलेल्या लेखी उत्तरात) असा रिबेट उत्पन्न न मानता खरेदी किमतीतली घट मानला आहे. म्हणजे वरच्या उदाहरणात पूर्ण ६,००० मिळाले, तर घराची किंमत ५,९४,००० धरायची. ते रूलिंग कायद्याने त्या एका करदात्यापुरतंच आहे, म्हणून सीपीएला (तिथल्या सीएला) दाखवा. ब्रोकरेजने १०९९ (उत्पन्न दिल्याची नोंद करणारा कराचा फॉर्म) पाठवला तर तो दुरुस्त करून मागा, आणि क्लोजिंग डिस्क्लोजर घर विकेपर्यंत जपून ठेवा.