पन्नास ग्रॅमचं वजन

प्रश्न : सर, माझा मुलगा सातवीत आहे. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टूनचा एक भाग तो मोबाइलवर पुन्हा पुन्हा लावतो. मोठी जाहिरात बघून सगळं गाव फुटबॉल पाहायला जातं, खेळाडू नुसते एकमेकांकडे चेंडू सरकवत राहतात, कंटाळलेले प्रेक्षक एकमेकांवर तुटून पडतात आणि शहरभर दंगल पेटते. हा लोळून हसतो. मागच्या महिन्यात आमच्या गावात टेनिस बॉलच्या फायनलला खरीच मारामारी झाली. दगड लागून पंचांच्या कपाळाला तीन टाके पडले. तेही तो हसत हसतच सांगत होता. कार्टून बंद करू का? – एक आई, चोपडा तालुका

उत्तर : ताई, बंद करू नका. १९९७ सालचा तो भाग मी नातवाबरोबर पाहिला आहे आणि मीही हसलो आहे. मैदानात काहीच घडत नसताना प्रेक्षकांत डोकी फुटतात, हे त्यात अगदी खरं टिपलंय.

मी तीस वर्षं खेळाचा शिक्षक होतो, कबड्डीचा पंचही. पारोळ्याकडच्या एका यात्रेत रात्रीचा सामना होता. शेवटच्या चढाईत पोराचा हात मध्यरेषेला लागला की नाही, एवढ्यावरून दोन गावं भिडली. खुर्च्या उडाल्या, ट्यूबलाइटचे खांब आडवे झाले. पंधरा मिनिटांत सगळे पसार. मागे राहिलो मी आणि एक रेवडीवाले म्हातारबाबा. त्यांची पाटी उलटली होती, रेवड्या मातीत गेल्या होत्या, आणि बाबा बॅटरीच्या उजेडात तराजूची वजनं शोधत होते. किलोचं सापडलं, अर्ध्या किलोचं सापडलं. “ह्या कसाले भांडतस रे?” एवढंच ते म्हणाले. मी गुडघे टेकून माती चाळली. शंभर ग्रॅमचं हाताला लागलं. पन्नासचं मिळालंच नाही.

त्या कार्टूनमधली दंगल पहिल्या काही मिनिटांतच संपते. तुमचा मुलगा बहुतेक तेवढंच लावत असेल. त्याला पुढचं दाखवा, आणि शेजारी बसून दाखवा. घाबरलेली बायको घराला चोरघंटा बसवायला सांगते, नवरा त्याऐवजी पिस्तूल घेऊन येतो. शेवटी ती मुलांना घेऊन घराबाहेर पडते.

मग त्याला १३ मार्च १९९६ सांगा. कोलकात्याचं ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी. श्रीलंकेच्या २५१ धावांपुढे आपण ८ बाद १२० झालो आणि आपल्याच लोकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, प्रेक्षकांत आगी लावल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. नाबाद राहिलेला विनोद कांबळी रडत परतला. त्याच मैदानात १६ ऑगस्ट १९८० रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या फुटबॉल सामन्यात १६ प्रेक्षक मेले. सामना बघून रात्री घरी जेवायला येणार होती ती माणसं. सातवीच्या मुलाला हे कळतं. मी वर्गात सांगितलं आहे, पोरं गप्प होतात.

आपल्याकडे यात्रेच्या फलकावर ‘कुस्त्यांची भव्य दंगल’ लिहितात. त्या दंगलीत चितपट झालेला पहिलवान अंगाची माती झटकून आधी जिंकणाऱ्याला मिठी मारतो. दंगल हा शब्द मुलाने आधी तिथे ऐकावा, असं मला मनापासून वाटतं. यंदाच्या यात्रेत त्याला आखाड्याजवळ बसवा, अगदी पुढे.

तुमचा मुलगा वाईट नाही, ताई. त्याने दगड उडताना पाहिला, टाके घालताना पाहिले नाहीत. त्याला पंचांच्या घरी घेऊन जा. आता टाके निघाले असतील, पण वण असेल. माफी मागायला लावू नका, त्याने दगड मारलेला नाही. त्याला एवढंच विचारू द्या : काका, त्या चेंडूवर तुम्हाला काय दिसलं होतं? पंचाला हे कोणी विचारत नाही. त्या रात्री मलाही कोणी विचारलं नाही. पोराचा हात रेषेला लागला होता.