फक्त स्टेजवर कविता म्हणून कोणाचं करिअर झालंय का?

झालंय, पण नुसत्या कवितेवर नाही. इंग्लंडच्या सॅलफर्डचा जॉन कूपर क्लार्क (जन्म १९४९) बघा. काडीसारखा बारीक, काळा गॉगल, पिंजारलेले केस. सुरुवातीला मँचेस्टरच्या क्लबांत कॉमेडियनांच्या मधे उभं राहून कविता म्हणायचा. म्हणायचा म्हणजे काय, सुसाट सोडायचा! मधे श्वास घेतला की प्रेक्षक हुर्यो उडवणार, हे त्याला पक्कं ठाऊक. दोन कवितांच्या मधले फाजील विनोद हा माझ्या मते अर्धा कार्यक्रम.

मग पंक, म्हणजे दणदणीत, बंडखोर रॉक संगीत, आलं. सेक्स पिस्टल्ससारख्या बँडच्या आधी तो स्टेजवर उभा राहू लागला आणि १९७८ पासून संगीताच्या साथीनं त्याच्या कवितांचे अल्बम निघाले. ऐंशीचं दशक मात्र बरंचसं हेरॉइननं खाल्लं. नंतर रेडिओ, टीव्हीवरचे कॉमेडी पॅनेल शो. २०१३ मध्ये आर्क्टिक मंकीज या बँडनं त्याच्या 'आय वॉना बी युअर्स' कवितेचं गाणं केलं. तुमच्या इन्स्टाच्या रीलमध्ये बहुतेक ते वाजून गेलंय. त्याच वर्षी सॅलफर्ड विद्यापीठानं मानद डॉक्टरेटही दिली.

थोडक्यात, कवितासंग्रहाच्या रॉयल्टीकडे डोळे लावून बसू नका. आधी माइक धरा.