चढाला गाडी ओढत नसेल तर आधी धूर बघ

तुळजापूरच्या घाटात गाडी तिसऱ्या गिअरलाही दम टाकते म्हणतोस, आणि गॅरेजवाला थेट डिझेल पंप (इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा) उतरवायला निघालाय. थांब, पंपाला इतक्यात हात लावू देऊ नकोस.

चढावर मागच्या गाडीतून कुणाला तरी धूर बघायला सांग. काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर उघड. सोलापूरच्या उन्हाळ्यातल्या धुळीत तो ठरलेल्या किलोमीटरच्या आधीच बुजतो. गाडी टर्बोची (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) असेल तर टर्बो ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी होज हाताने चाचपून बघ, विशेषतः खालच्या बाजूने. भेग वरून दिसत नाही, पण तिथे तेलकट डाग असतो. माझ्या गाडीचे ४ इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे नोझल) उतरवून झाले, खर्च झाला, आणि शेवटी फाटलेला होज निघाला. म्हणून एवढं कळकळीने सांगतोय. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडा अडकला तरी हीच लक्षणं दिसतात.

धूरही नाही आणि ओढही नाही, तर डिझेल कमी पोचतंय. डिझेल फिल्टर बदल, त्यातलं साचलेलं पाणी काढ. लाइनमध्ये हवा शिरते का तेही बघ.

इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही? मग क्लच प्लेट घसरतेय. आणि १० किलोमीटर चालवून उतरलास की प्रत्येक चाकाजवळ हात ने, रिमला लगेच लावू नकोस. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक चिकटलाय, इंजिन ठीक आहे.

धुराचा रंग कळव, मग पुढचं बोलू.