बाईंना विचारा : शिंपल्यांचं गणित

प्रश्न : बाई, माझी मुलगी नववीला आहे. गृहपाठात गणित आलंय, १० ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेटला किती ग्रॅम हायड्रोक्लोरिक आम्ल पुरेल? तिचं उत्तर २० ग्रॅम, छापलेलं उत्तर ७.३. ती म्हणते, समीकरणात आम्लामागे २ लिहिलाय ना! मी घरी वाणिज्य शाखेची, काय सांगणार?
– एक आई, गुहागर

उत्तर : समीकरण तिने बरोबर मांडलंय, हे आधी तिला सांगा. एका कॅल्शिअम कार्बोनेटला दोन हायड्रोक्लोरिक आम्ल. त्यातून एक कॅल्शिअम क्लोराइड, एक पाणी, एक कार्बन डायऑक्साइड. चुकलं एवढंच, की तो २ तिने ग्रॅमला लावला. तो नगांचा आहे.

आपल्याकडे आंबा डझनावर जातो, म्हणून तसंच सांगते. समजा, एक डझन हापूसला दोन डझन रातांबे द्यायचे ठरलेत. पाव किलोचा एक हापूस धरला तर डझनाचे ३ किलो झाले. रातांबा धरू २५ ग्रॅमचा, म्हणजे दोन डझनांचे ६०० ग्रॅम. आता ३ किलो आंब्याला ६ किलो रातांबे मागायला कोणी आलं, तर तुम्ही त्याला दारातूनच परत पाठवाल. मोल हा रसायनशास्त्रातला डझन. १२ च्या जागी नग ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, एवढाच फरक.

मग एका मोलचं वजन काढा. कॅल्शिअम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन तीन म्हणून ४८, एकूण १००. आम्लाचं १ आणि ३५.५ मिळून ३६.५. १० ग्रॅम म्हणजे ०.१ मोल, त्याला आम्ल ०.२ मोल. ०.२ गुणिले ३६.५, झाले ७.३ ग्रॅम.

आता ताळा. आत गेलं १० आणि ७.३, म्हणजे १७.३. बाहेर आलं कॅल्शिअम क्लोराइड ११.१, पाणी १.८, वायू ४.४. बेरीज १७.३. ताळा नसेल तर मी अर्धा गुण कापायचे. गणपतीला गावी आलेले चाकरमानी अजून रस्त्यात अडवून त्या अर्ध्या गुणाचा हिशेब मागतात. मी दिलेला नाही.

प्रश्न : तिसऱ्यांच्या १० ग्रॅम शिंपल्या १०० मिली व्हिनेगरमध्ये टाकल्या. बाटलीवर ४ टक्के लिहिलंय. बुडबुडे आले, पण चार दिवस झाले तरी शिंपल्या तशाच. व्हिनेगर खराब आहे का?
– इयत्ता दहावी, मालवण

उत्तर : व्हिनेगर चांगलं आहे, कमी पडलंय. १०० मिलीत अ‍ॅसेटिक आम्ल साधारण ४ ग्रॅम. त्याचं मोलवजन ६० आणि इथेही एका कार्बोनेटला दोन आम्ल. शिंपली जवळजवळ सगळी कॅल्शिअम कार्बोनेटच असते, तेव्हा ०.१ मोलला ०.२ मोल, म्हणजे १२ ग्रॅम आम्ल हवं. तुझ्याकडच्या तिप्पट. आहे त्यात ३.३ ग्रॅम शिंपली विरघळेल, तीही सावकाश, कारण हे आम्ल सौम्य आहे. शिंपल्या काढ, धुऊन खडखडीत वाळव आणि सोनाराकडच्या काट्यावर घाल. ६.७ च्या आसपास भरल्या तर मला कळव; जास्त भरल्या तर अजून दोन दिवस ठेव. घाई म्हणून न्हाणीघरातलं अ‍ॅसिड ओतू नकोस. माझ्या हातावर पांढरा डाग आहे, तो अशाच घाईचा.

प्रश्न : भट्टीत १०० किलो शिंपल्या भाजल्या तर चुना किती?
– वेंगुर्ला

उत्तर : शुद्ध धरल्या आणि पूर्ण भाजल्या तर ५६ किलो कळीचा चुना. ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत. लहानपणी खाडीकाठच्या भट्टीवर आम्ही भाजलेली शिंपली उचलायचो, ती हाताला अशी हलकी लागायची की आत काही नाहीच. विझवताना १८ किलो पाणी चुन्यातच राहतं, म्हणून विझवलेला चुना ७४ किलो. प्रत्यक्षात पाणी जास्त घ्या, बरंचसं वाफ होऊन जातं.