पुरुषाने नर्सिंगला गेलं तर कमीपणा येतो का?

तुमच्या भावाला नर्सिंगला खुशाल जाऊ द्या. "बायकांच्या कामात" त्याला कमीपणा येईल का, असं विचारलंय तुम्ही. पेशंटकडून येत नाही. मध्यरात्री लघवी तुंबलेल्या माणसाला कॅथेटर कोण घालतंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. पेशंट बाई असेल तर आधी विचारायचं. नको म्हणाली तर सिस्टरांना बोलवायचं, हो म्हणाली तरी एक सिस्टर सोबत ठेवायची. विषय संपला.

कमीपणा आणतात ते आपलेच लोक.

मी स्वतः नर्स. नोकरीचं दुसरं वर्ष, नाइट ड्यूटी. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात मी आणि एक विद्यार्थिनी. अडीच वाजता सुपरवायझर सिस्टरांचा फोन, "ब्रदर, वर या, पेशंट पलंगावरून घसरलाय, उचलायचाय." हे आठवड्यातून चारदा. वर तिघी ड्यूटीवर, स्लाइड शीट, म्हणजे पेशंट सरकवायचं गुळगुळीत कापड, कपाटात घडीसुद्धा न मोडता पडलेलं. पण पुरुष नर्स म्हणजे पगारी क्रेन! गेलो. पडलेल्या माणसाला आधी तपासावं लागतं, मग उचलणं, मग कपडे, चादर. वीस मिनिटं गेली.

खाली आलो तर सहा नंबरच्या पलंगावरचा पेशंट घामाने निथळत होता. मधुमेही माणूस, संध्याकाळी इन्शुलिन घेतलेलं आणि जेवण अर्धं टाकलेलं. विद्यार्थिनीला वाटलं, गाढ झोपलाय. शुगर 38, म्हणजे धोकादायक खाली. डॉक्टरांना फोन, शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण. दहा मिनिटांत गडी डोळे उघडून "लाइट कशाला लावला?" म्हणून माझ्यावरच खेकसला. इतका बरा वाटलेला ओरडा मी पुन्हा खाल्लेला नाही.

सकाळी मेमो माझ्याच हातात. वॉर्ड सोडून का गेलात? म्हटलं, तुम्हीच बोलावलंत. तर म्हणे, "पाच मिनिटांचं काम होतं."

चरकसंहितेत परिचारकाचे गुण चार सांगितलेत: उपचारांची जाण, कामातलं कौशल्य, रोग्याविषयी जिव्हाळा आणि स्वच्छता. शंभर किलो उचलण्याची ताकद त्यात नाही. अमेरिकेत लष्कराच्या नर्सिंग दलात पुरुषांना 1955 पर्यंत अधिकारी म्हणून घेत नव्हते, आणि एका सरकारी विद्यापीठाने नर्सिंगचा प्रवेश नाकारलेल्या पुरुषाला 1982 मध्ये त्याच्या बाजूने अंतिम निकाल मिळाला तो सुप्रीम कोर्टात. एवढं भांडून आत आले ते काय पलंग ढकलायला?

हां, एक सांगायलाच हवं. पुढे इन्चार्ज झालो तो माझ्याहून सीनियर दोन सिस्टरांच्या आधी, आणि तेव्हा मी अन्यायाबद्दल चकार शब्द काढला नाही. बायकांच्या व्यवसायात पुरुष असा भराभर वर जातो, त्याला क्रिस्टीन विल्यम्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1992 मध्ये काचेचा सरकता जिना म्हटलं होतं. आणि पेशंट उचलून कंबर सिस्टरांचीही जातेच.

पगाराचंही विचारलंय तुम्ही, ते दुसऱ्या कोणाला तरी विचारा. भावाला मात्र एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: दुसऱ्या वॉर्डातून बोलावणं आलं की जाण्याआधी रिपोर्ट बुकात वेळ, वॉर्ड, बोलावणाऱ्याचं नाव आणि आपला वॉर्ड कोणाच्या ताब्यात दिला ते लिहायचं. मी लिहायला लागलो आणि अडीचचे फोन निम्म्यावर आले. त्या मेमोला मी दोन पानी खुलासा दिला होता. उत्तर अजून आलेलं नाही. झेरॉक्स जपून ठेवलीय.