स्पॅनिश दोन वर्षांवर सोडू नकोस

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. अकरावीचे विषय ठरवायचेत, स्पॅनिशची दोन वर्षं झाली, शाळेची अट पूर्ण झाली, आता ती जागा कॉम्प्युटर सायन्सला द्यावी असं तुझ्या बाबांचं म्हणणं आहे. आणि तुला विचारलं तर तू म्हणालीस, "अमेरिकेत राहणाऱ्याला इंग्रजी येत असताना दुसरी भाषा लागतेच कशाला? मावशीला विचार, ती दिवसभर स्पॅनिश बोलते." म्हणून हे पत्र. मराठीत लिहितेय, कारण तुला वाचता येतं आणि ते तसंच राहावं अशी माझी इच्छा आहे. कुठे अडलं तर आईला विचार.

माझं मत आधीच सांगून टाकते. स्पॅनिश सोडू नकोस. आणखी निदान दोन वर्षं शीक, आणि वर्गाबाहेर बोलायला लाग.

तुझा प्रश्न वाजवी आहे. अमेरिकन माणूस आळशी असतो म्हणून एकच भाषा बोलतो, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. नेदरलँड्समधला माणूस गाडी काढून दोन तास गेला की दुसऱ्या भाषेच्या मुलखात पोचतो. इथे मेनपासून कॅलिफोर्नियापर्यंत पाच हजार किलोमीटर गाडी चालवली तरी इंग्रजीवर भागतं. गरज पडली नाही तर कोण शिकणार? शिवाय इथे स्थायिक होणारी कुटुंबं एकदोन पिढ्यांत इंग्रजी शिकतातच. घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून जास्त लोक या देशात आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना इंग्रजी उत्तम येतं. मग तू कशाला शिकायचं, हा बाबांचा मुद्दा तसा बिनतोड वाटतो.

पण त्यात एक गृहीत धरलेलं आहे, की स्पॅनिश ही बाहेरून आलेली भाषा आहे. टेक्सासात राहून तरी असं म्हणू नये. मी जिथे राहते ते सॅन अँटोनिओ १७१८ साली स्पॅनिश लोकांनी वसवलं. अमेरिका हे राष्ट्र जन्माला आलं त्याच्या अठ्ठावन्न वर्षं आधी. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन १५६५ चं, आणि इंग्रजांची जेम्सटाउनची वसाहत १६०७ ची. अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या करारानंतर मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेत आला तेव्हा तिथली माणसं कुठेही गेली नव्हती, त्यांच्या घरावरची सत्ता बदलली. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या पहिल्या राज्यघटनेत तर सगळे कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत प्रसिद्ध करावेत असं कलम होतं. १८७९ च्या नव्या घटनेत ते गेलं.

आणि पुढे ती भाषा आपोआप मागे पडली असंही नाही. ती मागे पाडली गेली. टेक्सासात १९१८ च्या कायद्याने सरकारी शाळेत इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत शिकवणं हा गुन्हा ठरला होता, आणि ते बदलायला १९६९ साल उजाडलं. पश्चिम टेक्सासात मार्फा नावाचं छोटं गाव आहे. तिथे मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी ब्लॅकवेल स्कूल ही वेगळी शाळा होती. १९५४ साली त्या शाळेत शिक्षकांनी मुलांना कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहायला लावले आणि त्या चिठ्ठ्या शाळेच्या आवारात पुरून ‘मिस्टर स्पॅनिश’चा दफनविधी केला. त्यानंतर शाळेत स्पॅनिश बोललं तर लाकडी फळीचा मार बसायचा, हे त्या शाळेतून शिकून गेलेली माणसं आजही सांगतात. २०२२ साली संसदेने कायदा करून ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन करायचं ठरवलं. तुमच्या शाळेची सहल तिकडे जाणार नाही, मार्फा फार लांब आहे, पण कधी त्या बाजूला गेलात तर बाबांना गाडी थांबवायला सांग.

अशा शाळांत मार खाल्लेल्या मुलांनी मोठं झाल्यावर आपल्या लेकरांशी स्पॅनिश बोलायचं टाळलं, आपल्याला जे सोसावं लागलं ते पोरांना नको म्हणून. त्यामुळे तुझ्या वर्गात गार्सिया किंवा मार्तिनेस आडनावाची मुलं असतील आणि त्यांना स्पॅनिश तुझ्याइतकंही येत नसेल. त्यांना त्यावरून कधी चिडवू नकोस. आणि एखाद्याचा चेहरा किंवा आडनाव बघून आपण होऊन त्याच्याशी स्पॅनिश सुरू करू नकोस. आधी इंग्रजीत बोल. समोरचा स्पॅनिशकडे वळला की मग तूही वळ.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण उपयोग म्हणजे काय ते मी तिथेच पाहिलंय.

फिजिओथेरपीला गुडघा बदललेले रुग्ण खूप येतात. अशाच एक सत्तरीच्या आजी येत असत. सोबत नात, दहाएक वर्षांची, पाठीला दप्तर. मी इंग्रजीत विचारायचं, नातीने आजीला सांगायचं, आजीचं उत्तर नातीने मला सांगायचं, असं त्या दोघींनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं. गुडघा वाकवताना दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असं विचारलं की आजी हसून "दोस" म्हणायच्या. दोन. पण त्यांच्या हाताने टेबलाची कड घट्ट धरलेली असायची आणि गुडघा काही केल्या नव्वद अंशांपुढे जात नव्हता. घरी व्यायाम होत नाही हे उघड होतं. का होत नाही, ते कळत नव्हतं. एक दिवस नात पाण्याची बाटली भरायला बाहेर गेली. आजींनी दाराकडे पाहिलं आणि मला स्पॅनिशमध्ये हळू आवाजात सांगितलं, की उठून उभं राहिलं की लघवी थेंब थेंब गळते, म्हणून मी उठतच नाही, आणि पाणीसुद्धा पीत नाही.

हे त्या नातीला सांगणार होत्या का? मुलाला सांगणार होत्या का? मुळीच नाही. मला सांगता आलं कारण मला ऐकता येतं हे त्यांना एव्हाना माहीत झालं होतं. मग मी रीतसर दुभाष्याला फोन लावला, सगळं पुन्हा नीट विचारून घेतलं, डॉक्टरांना कळवलं, त्यासाठीचे व्यायाम सुरू केले. गुडघाही पुढे सुधारला.

यातल्या दुभाष्याच्या फोनकडे लक्ष दे. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांवर इंग्रजी न येणाऱ्याची सोय करण्याचं बंधन १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून आलंय, आणि २०१० च्या आरोग्य कायद्याखालच्या नियमांप्रमाणे आणीबाणी सोडली तर लहान मुलाला दुभाष्याच्या कामाला लावता येत नाही. तुला उद्या बरं स्पॅनिश यायला लागलं की लोक तुला पुढे ढकलतील, ‘हिला येतं, हिला विचारा’. शस्त्रक्रियेची संमती, कोर्टाचा कागद, औषधाची मात्रा, यात कधीही पडू नकोस. दुभाषाचं काम हा शिकून, परीक्षा देऊन करायचा व्यवसाय आहे. तू ऐकायला शीक, धीर द्यायला शीक, आणि ‘थांबा, मी दुभाषा बोलावते’ हे चांगल्या स्पॅनिशमध्ये म्हणायला शीक. तेवढ्यानेही समोरच्याच्या जिवात जीव येतो.

आता बाबांचा हिशेब. ते इंजिनिअर आहेत, त्यांना आकडे दाखव. अमेरिकन परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना परक्या भाषा शिकवतं. इंग्रजी मातृभाषा असलेल्याला कामापुरतं चांगलं स्पॅनिश यायला वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास लागतात असा त्यांचा अंदाज आहे. स्पॅनिश त्यांच्या सगळ्यात सोप्या गटात येतं. हिंदीला ११०० तास, जपानी किंवा अरबीला २२००. तुझ्या शाळेत रोज पन्नास मिनिटांचा तास आणि वर्षाचे साधारण १८० दिवस धरले तर वर्षाला दीडशे तास होतात. दोन वर्षांचे तीनशे. म्हणजे जिथे भाषा खरोखर वापरता यायला लागते त्याच्या निम्म्या वाटेवर शाळा तुला ‘झालं’ म्हणून सोडून देते. अमेरिकेत लाखो मुलं अशी दोन वर्षं स्पॅनिश करतात आणि पंचविशीत त्यांना जेवण मागवण्यापलीकडे काही येत नाही. मग ती म्हणतात, भाषा शिकण्यात काही अर्थ नसतो. दोनच वर्षं करायची असतील तर बाबांचं खरं आहे, ती वेळ फुकट गेली. म्हणूनच मी म्हणते, पुढे जा.

तुला एक गोष्ट सोपी जाणार आहे जी तुझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना जात नाही. तुला घरचं मराठी आहे. स्पॅनिशमधले त आणि द जीभ दाताला लावून म्हणायचे, ते तुला आपोआप येतात. वस्तूंना लिंग असतं याचं तुला नवल वाटत नाही. इंग्रजीत माणूस ‘आवडतो’ या क्रियेचा कर्ता असतो, स्पॅनिशमध्ये आपल्यासारखंच ‘मला आवडतं’. अनोळखी वडीलधाऱ्याशी बोलताना क्रियापद बदलायचं हेही तुझ्या अंगवळणी पडलेलं आहे. आणि तिसऱ्या वर्षी जो भाग येतो, ज्याला सगळे घाबरतात, की इच्छा किंवा शंका व्यक्त करताना क्रियापदाचं वेगळंच रूप वापरायचं, तो तर ‘त्याने यावं असं मला वाटतं’ यातल्या ‘यावं’च्या फार जवळचा आहे. नियम पाठ करायच्या आधी ते वाक्य मनात मराठीत म्हणून बघ.

‘आधी मराठी नीट येऊ दे, मग स्पॅनिश’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. मराठी शाळेत रविवारी जातेस ते चालूच ठेव. दोन्ही भाषा एका डोक्यात सुखाने राहतात. आपल्या देशी लोकांना हे नवीनही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत शेती करणाऱ्या कितीतरी पंजाबी माणसांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. इथले कायदे त्यांना बायका-मुलं भारतातून आणू देत नव्हते. त्या घरांत मुलं आईचं स्पॅनिश बोलत वाढली. आपण मात्र डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनोत अशी वस्ती करून राहतो की अंगणात काम करायला येणाऱ्या माणसाशी हाताच्या खुणांनी बोलतो, आणि त्याचं आपल्याला काही वाटत नाही. मला वाटतं.

फोनवरचं भाषांतर आता खूप चांगलं झालंय, हे मी रोज बघते. पत्ता विचारायला, सूचना वाचायला जरूर वापर. पण आजींनी दाराकडे पाहून जे सांगितलं ते फोन पुढे धरल्यावर सांगितलं नसतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी अधिकृत भाषा झाली, त्यावरही तुमच्याकडे चर्चा झाली असेल. त्याआधी देशाला कायद्याने अधिकृत भाषाच नव्हती. त्या आदेशाने कुणाला दुसरी भाषा शिकायची बंदी झालेली नाही. तशी बंदी एकदा नेब्रास्का राज्याने घालून पाहिली होती. एका शिक्षकाला दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमध्ये वाचायला शिकवलं म्हणून दंड झाला, आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला.

सगळ्याच अमेरिकनांनी शिकावं का, हा तुझा मोठा प्रश्न. मोठ्या माणसांवर सक्ती करून भाषा येत नाही. पण शाळेने पाचव्या-सहाव्या वर्षी सुरुवात करावी असं मला फार मनापासून वाटतं. मायामीतल्या कोरल वे शाळेने १९६३ मध्ये क्यूबन आणि अमेरिकन मुलांना एकत्र बसवून अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस स्पॅनिश असं शिकवायला घेतलं. युटासारख्या राज्यात २००८ च्या कायद्यानंतर असे वर्ग सरकारी शाळांत ठिकठिकाणी सुरू झाले. म्हणजे करता येतं. आणि दुसरीकडे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०२३ मध्ये परक्या भाषांचा विभागच मोडीत काढला, कॉलेजांत भाषा घेणाऱ्यांची संख्या २०१६ ते २०२१ या काळात सोळा टक्क्यांहून जास्त घटली. ते वाचून मला वाईट वाटलं, आणि तू सोडायच्या विचारात आहेस हे ऐकून त्याहून जास्त.

आता काय करायचं ते. समुपदेशकांना विचार की स्पॅनिश तीन, म्हणजे तिसरं वर्ष, घेतलंस तर बारावीला एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, स्पॅनिश मिळेल का, आणि द्विभाषिक प्रावीण्याचा शिक्का पदविकेवर मिळवायला तुमच्या शाळेत कोणती परीक्षा द्यावी लागते. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये ती पद्धत सुरू केली, आता बहुतेक सगळ्या राज्यांत आहे. कॉम्प्युटर सायन्स उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात करता येतं का तेही बघ, म्हणजे बाबाही खूश. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नव्याने आलेल्यांसाठी इंग्रजीचे वर्ग असतील तर स्वयंसेवक म्हणून नाव दे. त्यांना तुझं इंग्रजी हवं असतं, तुला त्यांचं स्पॅनिश, आणि चुकायला तिथे कुणीच लाजत नाही.

शाळा संपली की जूनमध्ये इकडे ये. आमच्या भागातल्या चर्चमध्ये शनिवारी मोफत आरोग्य तपासणी असते. रक्तदाबाच्या रांगेत नावं लिहून घ्यायला आणि लोकांना खुर्चीवर बसवायला माणूस लागतोच. मी शेजारच्या टेबलावर असेन. विषय निवडीच्या फॉर्मची मुदत शुक्रवारी संपतेय असं आई म्हणाली, तर त्याआधी बाबांना हे वाचून दाखव.

तुझी,
मावशी