पोरगी ५८-६ ने जिंकली आणि बाप काळजीत पडला

खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांचा एक प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, पोरात किलर इन्स्टिंक्ट नाही हो, काहीतरी करा. बॅडमिंटनवाले विचारतात, बुद्धिबळवाले विचारतात, क्रिकेट ॲकॅडमीची फी भरणारे तर विचारतातच. बहुतेक वेळा पोरगं हरत असतं म्हणून विचारतात. पण ही केस उलटी आहे, पोरगी जिंकली होती आणि तेही दणकून, तरी बाप काळजीत. घरच्यांना विचारूनच लिहितेय, ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदललेत.

बाप शेतकरी, शिंदखेडा तालुक्यातला, गावात सगळे आप्पाच म्हणतात. फोनवर पहिलं वाक्य, "ताई, पोर नरम पडी गयी." झालं असं होतं की शालेय कबड्डीची जिल्हा पातळीवरची मॅच, सतरा वर्षांखालच्या मुली, आप्पांची पोरगी टीमची मेन रेडर, म्हणजे समोरच्यांच्या हद्दीत चढाईला जाणारी. समोर साक्री तालुक्यातल्या एका गावची शाळा. त्या पोरी आयुष्यभर मातीत अनवाणी खेळलेल्या आणि इथे एकदम मॅटवर, कुणाचे तरी मागून आणलेले शूज घालून. मॅटवर पाय कसा सरकतो, वळताना कसा अडकतो हे कळेपर्यंत पहिला लोण बसलेला होता, म्हणजे सातही जणी आउट. आणि कबड्डीचं एक आहे, लोण बसला की दोन गुण जास्तीचे जातात आणि सातही जणी पुन्हा उभ्या राहतात, म्हणजे दुबळ्या टीमला पुन्हा सगळं पहिल्यापासून. लोणवर लोण. हाफ टाइमलाच तीसच्या वर लीड झाली होती.

दुसऱ्या हाफमध्ये पोरीने रेड करायचंच सोडलं. म्हणजे जायची, निदान रेषा (चढाई धरली जावी म्हणून ओलांडावीच लागते ती) ओलांडायची, उगाच एक हात हवेत फिरवायची आणि परत. मग एकदा, मग पुन्हा एकदा, कुणाला टच न करताच लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, पाय टाकला आणि स्वतःहून आउट झाली. सरांनी तिला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, एवढी दया येत असेल तर मठात जाऊन बस. मॅच ५८-६ ने जिंकले. पोरगी घरी येऊन जेवली नाही आणि दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिसला जायचं नाव नाही.

आप्पांचं म्हणणं सरळ होतं, पुढे मोठ्या टीम येतील त्या हिला सोडणारेत का, आत्ताच हे असं तर पुढे कसं होईल, आणि शिवाय दहावीचे खेळाचे वाढीव गुण.

पोरगी आली तेव्हा आधी बराच वेळ काही बोलेना. मी पण दयेचा विषय काढला नाही, फक्त म्हटलं मला कबड्डीतलं फार कळत नाही, तू लॉबीत पाय टाकलास तेव्हा समोर कोण होतं ते सांग. मग आलं हळूहळू. समोर त्यांची लेफ्ट कॉर्नर होती, म्हणजे डाव्या टोकाला पकड करणारी, बारीकशी, एक शूज सैल झालेला, आणि स्कोअर पन्नासच्या आसपास गेला होता तरी ती दरवेळी पूर्ण जोर लावून घोट्यावर झेप टाकत होती. एकदा तर पकड जवळजवळ बसलीच होती. आणि बाहेर हिच्याच शाळेची पोरं ओरडत होती, अजून एक लोण, अजून एक लोण, एकाने मोबाइल धरलेला. त्या आवाजाचीच तिला लाज वाटायला लागली म्हणे. म्हणून तिने ठरवलं की आपण दोन पॉइंट देऊन टाकू.

मॅच संपल्यावर पाण्याच्या टाकीपाशी तीच कॉर्नर भेटली. ही हसली, हात पुढे केला. तिने हात नाही दिला. म्हणाली, "भीक देई राहिनी का आम्हले? सहामधले दोन गुण तुनाच शेत." म्हणजे तुझेच आहेत. आणि निघून गेली. संध्याकाळी मोबाइलवाल्याची रील फिरायला लागली, वर हसण्याच्या इमोजी आणि खाली त्या कॉर्नरचा शूज निघून ती पडते तो क्षण तीनदा रिपीट केलेला.

आता सांगा, ही पोरगी नरम होती का? मला तर ती अडकलेली वाटली. खेळलं तरी आपणच वाईट, नाही खेळलं तरी वाईट, मग मैदानावरच जायला नको. दयाळू पोरं अशी घरी बसतात आणि आपण म्हणतो किलर इन्स्टिंक्ट नाही.

तिला मी अमेरिकन सामोआची गोष्ट सांगितली. पॅसिफिक महासागरातली छोटीशी बेटं, फुटबॉल टीम जेमतेम. २००१ साली वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत ऑस्ट्रेलियाशी पडली गाठ आणि पासपोर्टच्या भानगडीत त्यांचे बरेचसे मोठे खेळाडू बाद ठरले, म्हणून कोवळी पोरं घेऊन उतरले. स्कोअर ३१-०. एकट्या आर्ची थॉम्पसनने १३ गोल केले. दोनच दिवस आधी याच ऑस्ट्रेलियाने टोंगाला २२-० केलं होतं. पोरगी म्हणाली, "बापरे, आणि गोलकीपर?" मला हाच प्रश्न हवा होता. गोलकीपर निकी सलापू, ३१ गोल खाल्लेला माणूस, तो खेळत राहिला. २०११ मध्ये अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ ने हरवलं, फिफाच्या मॅचमध्ये त्यांचा पहिला विजय, आणि गोलमध्ये तोच सलापू होता. आणि त्या ३१-० नंतर काय झालं तर ओशनियाच्या पुढच्या पात्रता स्पर्धेत छोट्या देशांची पहिली फेरी वेगळी ठेवली, ऑस्ट्रेलिया न्यूझीलंड नंतर. म्हणजे चूक कुठे होती तर गाठ लावण्यात होती, आणि ती दुरुस्त करायचं काम खेळाडूंचं नव्हतं.

तिने लगेच पकडलं, "म्हणजे ३१ मारले ते बरोबर?" मी म्हटलं मारले ते माझ्या मते बरोबर, मारल्यावर काय केलं ते बघायला पाहिजे. २०१९ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेने थायलंडला १३-० हरवलं तेव्हा जगभर भांडण झालं ते गोलांपेक्षा जास्त त्यांच्या जल्लोषावरून, एवढी लीड असताना दर गोलला उड्या. त्यांची बाजूही आहे, गटात गोलफरक धरतात, आणि वर्ल्ड कपमध्ये गोल करायचं स्वप्न असतंच की प्रत्येकीचं. तरी समोरची टीम मान खाली घालून उभी असताना ते नाचणं मला काही बघवलं नाही. यावर तुमचं मत वेगळं असू शकतं, माझ्याच घरात वेगळं आहे.

मग तिला विचारलं की ती कॉर्नर नेमकी कशावर चिडली, ५२ गुणांनी हरण्यावर का? ती लगेच म्हणाली, नाही, दोन गुणांवर. आणि गप्प बसली. यानंतर मला फार समजवावं लागलं नाही. समोरची जीव तोडून पकड करतेय आणि आपण तिच्यासमोर खोटं खेळतोय, हे तिला रीलइतकंच लागलं असणार, हे पोरीने स्वतःच म्हटलं.

आप्पांना वेगळं बोलावलं. त्यांचे कान बघूनच मला अंदाज आला होता, तालमीतले कान. तरुणपणी जत्रेतल्या कुस्तीच्या दंगली खेळलेले. मी विचारलं, आप्पा, जत्रेत कुस्ती लावताना कुणालाही कुणाशी लावायचे का? ते म्हणाले, "छे छे ताई, पंच दोघांना शेजारी उभं करणार, अंगकाठी बघणार, वस्ताद कोण, आधी काय मारलंय, सगळं विचारणार, मगच जोड. बेजोड लावली तर पब्लिकच ओरडायचं, खाली उतरवा म्हणून." आणि जिंकल्यावर? "पडलेल्याला उठवायचं, अंगावरची माती झटकायची, दोघांनी पंचांना हात लावायचा." आणि समजा जोड चुकलीच, समोरचा अगदीच कच्चा निघाला तर? यावर आप्पा बराच वेळ खुलले. म्हणे चांगला पहिलवान त्याला खेळवत नाही, उगाच चार वेळा उचलून दाखवत नाही, पटकन चीतपट करून मोकळं करतो, खेळवणं हा अपमान.

मी म्हटलं मग शाळेच्या स्पर्धेत जोड कोण लावतं? ते हसले, "चिठ्ठी."

तर हे सगळं ओझं पंधरा वर्षांच्या पोरीने एकटीने रेड करताना उचलायचं का, हा माझा मुद्दा होता. बाकी खेळांनी नियमातच सोय केलीय. फ्रीस्टाइल कुस्तीत १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. खो-खोत फॉलोऑन आहे, पेपरात आपण वाचतो ना, एक डाव राखून विजय, म्हणजे जिंकणाऱ्यांना पुन्हा आक्रमणाला यावंच लागत नाही. कबड्डीत असं काही नाही, शिट्टी वाजेपर्यंत लोण देत राहा. प्रो कबड्डीत २०२४ च्या हंगामापर्यंत ७ किंवा कमी गुणांनी हरलं तर हरणाऱ्याला एक गुण मिळायचा, म्हणजे शेवटपर्यंत झुंजायला काहीतरी कारण राहायचं, पण चाळीसने मागे पडलेल्याला त्याचा काय उपयोग. जिथे नियम थांबवत नाही तिथे कोचने बघायचं. बारा जणींची टीम असते, सात आत, पाच जणी बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. तीसने पुढे गेल्यावर त्यांना उतरवा की. त्या जीव तोडूनच खेळतील, कारण त्यांना महिनाभराने चान्स मिळतोय, समोरच्यांना खरी मॅच मिळेल आणि कुणी कुणाला भीक घातली असं होणार नाही. मेन रेडरला ठेवायचंच असेल तर तिला सांगा की तुझी कच्ची बाजू आहे तिकडूनच रेड कर. हे खोटं खेळणं नाही, हा सराव आहे.

अशा मॅचनंतर जिंकणाऱ्यांचे आकडे तेवढे लोकांना आठवतात हेही खरं. २०१६ ला कल्याणच्या शाळकरी स्पर्धेत प्रणव धनावडेने नाबाद १००९ केले ते आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या टीमने ३ बाद १४६५ केले आणि समोरची शाळा ३१ आणि ५२ ला ऑल आउट झाली, हे किती जणांना आठवतं? ते दोन दिवस बॉलच्या मागे पळणारी पोरंही कुणाच्या तरी घरची होती. मुलाने विक्रम केला ते चांगलंच, पण असा सामना लागलाच कसा हेही विचारायला हवं.

हरणाऱ्या बाजूचे पालकही विचारतात, मग पोराला सांगू का अशी मॅच अर्धी सोडून ये म्हणून? शक्यतो नको. याचं जुनं उदाहरण आपल्या महाराष्ट्राचंच आहे. डिसेंबर १९४८, पुण्यात रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, ब्रॅडमनचा १९३० पासूनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रेकमध्ये काठियावाडच्या कॅप्टनने, म्हणजे राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. दोन-चार ओव्हर टाकल्या असत्या तर काय बिघडलं असतं? निंबाळकर पुढे एकही कसोटी खेळले नाहीत, आणि काठियावाडच्या त्या टीमचं नाव आजही निघतं ते या एका नकारासाठी. पोराला मार लागत असेल, शिवीगाळ होत असेल तर बाहेर काढा, पंचांकडे तक्रार करा. नुसता स्कोअर वाईट आहे म्हणून नको.

रीलच्या बाबतीत मात्र मी आप्पांना जरा कडकच बोलले. ती त्यांच्याच गावच्या पोराने टाकलेली आणि गावच्या ग्रुपवर आप्पांनीही अंगठा दिलेला. पोराच्या वडिलांना भेटून ती काढायला लावली, तोपर्यंत फिरायची ती फिरून झाली होती.

पोरीला त्या कॉर्नरला सॉरी म्हणायचं होतं. पहिला मेसेज मला दाखवला तो लांबलचक, आम्ही तुम्हाला एवढं हरवलं त्याबद्दल सॉरी वगैरे. मी विचारलं, हरवल्याबद्दल सॉरी कशाला? मग तिने सगळं खोडलं आणि दोनच गोष्टी ठेवल्या, रीलबद्दल सॉरी, आणि लॉबीत पाय मुद्दाम टाकला होता त्याबद्दल सॉरी. त्यांच्या सरांकडून नंबर मिळवून पाठवला. उत्तर दोन दिवसांनी आलं, नुसता अंगठा. पोरीला ते पुरलं.

ती प्रॅक्टिसला जायला लागली. सर आधी मला भेटायलाच तयार नव्हते, त्यांचं म्हणणं मॅडम तुम्ही पोरींना रडायला शिकवताय. शेवटी आप्पाच जाऊन बसले त्यांच्याकडे आणि दंगलीच्या भाषेत बोलले, ते मात्र सरांना पटलं, निम्मं तरी. आता तीसची लीड झाली की बाकावरच्या पोरी आत जातात. आप्पांचं म्हणणं तीस फार उशीर होतो, वीसला उतरवा. सर म्हणतात वीसची लीड कबड्डीत चार रेडमध्ये फिरते, तुम्हाला कुस्तीतलं कळतं, कबड्डीतलं नाही. यावर दोघांचं अजून चालूच आहे.